डाव्या कानातली गिटार

मी निघालो त्या दिवशी मला पोचवायला विमानतळावर चौदा माणसं आली होती. आमच्या वसईच्या गावांत ही रीतच आहे. जाणारा एक आणि पोचवणारे दोन गाड्या भरून. पप्पा पुढे ड्रायव्हरशेजारी, आई मधल्या सीटवर मांडीवर सुकेळ्यांचं, वाळवलेल्या केळ्यांचं पुडकं घेऊन, माझ्या दोन मावश्या घरापासून अंधेरीपर्यंत रोझरी म्हणत, आणि सगळ्यात मागे माझ्या बॅगांवर चढून बसलेला माझा मित्र बेनी. पूर्ण नाव बेनेडिक्ट, पण त्या नावाने त्याला फक्त फादर हाक मारायचे, तेही रागावले तर. त्याची केळीची वाडी आमच्या वाडीला लागून होती. मधे नुसतं एक कुंपण होतं आणि तेही गुरांसाठी.

गेटपाशी सगळ्यांनी आळीपाळीने माझ्या कपाळावर क्रुसाची खूण केली. पप्पा म्हणाले, "दोन वर्षं म्हणजे काय रे, दोनदा केळी उतरवली की झालं." आईने पुडकं तेवढं हातात दिलं. बेनी ट्रॉली ढकलत माझ्याबरोबर दारापर्यंत आला आणि म्हणाला, "डावी तू सांभाळ. उजवी माझ्याकडे आहे." एका मावशीला वाटलं तो बॅगांबद्दल बोलतोय. तिने काळजीने विचारलंही की उजवी बॅग मागे राहिली का. आम्ही दोघं इतके हसलो की शिपायाने पुढे व्हायला सांगितलं.

त्याला अकरा वर्षं झाली. हे मी तुम्हा सगळ्यांसाठी लिहितोय, जे तिथे राहिलात त्यांच्यासाठी आणि जे माझ्यासारखे निघून आलात त्यांच्यासाठीही. इथे कॅनडात, टोरांटोच्या स्कारबरोत आपली बरीच मंडळी आहेत. महिन्यातून एकदा मराठी मिस्सेला भेटतो, नंतर चर्चच्या हॉलमध्ये चहा-समोसे होतात आणि गप्पा होतात त्या विंटर टायर्सच्या आणि बेसमेंट भाड्याने देण्याच्या. तिथे हा विषय काढता येत नाही. काढला तर लोक समजतील की आल्विनला डिप्रेशन आलंय, आणि कोणीतरी थेरपिस्टचा नंबर देईल.

विषय एका अल्बमचा आहे. गिटारींचा अल्बम, इंग्लंडच्या एका बँडचा. बँडचं नाव मी सांगत नाही. सांगून उपयोग नाही, तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत नसणार, आणि ज्या एखाद्याला माहीत असेल तो मला मेसेज करून वाद घालत बसेल. उत्तर इंग्लंडातल्या कुठल्याशा लहान गावातली चार माणसं. मागे मोठी कंपनी वगैरे नाही. रेकॉर्डिंग त्यांनीच केलं, सीडी त्यांनीच काढली, आणि सीडीच्या कागदावर हे सगळं बारीक अक्षरात जरा तोऱ्यातच लिहिलेलं होतं. माझा मामेभाऊ जहाजावर कामाला होता. त्याने इंग्लंडातल्या एका बंदरावर ती सीडी कोणाकडून तरी घेतली, त्याला आवडली नाही, म्हणून मला दिली. बरोबर त्याचा जुना सीडी प्लेअरही दिला. त्याला इयरफोनची एकच जोडी होती.

तेव्हा आम्ही सतरा-अठरा वर्षांचे होतो आणि दोघंही चर्चच्या क्वायरमध्ये गिटार वाजवायचो. संध्याकाळी वाड्यांना पाणी देऊन झालं की बावखलाच्या काठावर बसायचो. बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं, सगळ्या वाड्या त्याच्या जिवावर. एक इयरफोन माझ्या डाव्या कानात, दुसरा बेनीच्या उजव्या. बॅटरी संपेपर्यंत तोच अल्बम. गाणाऱ्याचे उच्चार असे की पहिलं वर्षभर आम्हाला शब्द कळले नाहीत, पण गिटार कळली. ती गिटार कुठेही घाई करत नव्हती. सगळं गेल्यावरही एखादा माणूस शांतपणे आपलं काम करत राहतो तशी ती वाजायची. आमच्या गावात असं उदास संगीत नव्हतं. आमच्याकडे एकतर देवाची स्तुती, नाहीतर लग्नातला बँड. मी पप्पांना म्हटलं होतं की आम्ही बँड काढतोय, तर त्यांनी मनापासून विचारलं, "लग्न कोणाचं आहे?"

आम्ही कानाने ऐकून गाणी बसवायला घेतली. ऐकायचं एकत्र आणि सराव आपापल्या घरी. पंधरा दिवसांनी रविवारची मिस्सा झाल्यावर चर्चच्या माळ्यावर बसलो आणि पहिलंच गाणं घेतलं, तर भांडणच झालं. मी वाजवलं ते ऐकून बेनी म्हणाला, "हे कुठून आणलंस? असं नाहीये ते." मग त्याने वाजवलं, तर ते माझ्या गाण्याच्या आसपासही नव्हतं. मी म्हटलं, कान तपासून घे. तो म्हणाला, तू तुझं डोकं तपासून घे. अर्धा तास असं चाललं. शेवटी चिडून दोघांनीही एकाच वेळी वाजवायला सुरुवात केली, एकमेकांचा आवाज दाबून टाकायच्या हिशेबाने.

आणि गाणं उभं राहिलं. पूर्ण गाणं, जे आमच्यापैकी कोणीच तोवर पूर्ण ऐकलेलं नव्हतं. त्या बँडात दोन गिटारी होत्या. रेकॉर्डिंग करताना त्यांनी एक सगळीच्या सगळी डावीकडे ठेवली होती आणि दुसरी उजवीकडे. दोन कानांनी ऐकणाऱ्या शहाण्या माणसाला हे पहिल्या मिनिटात कळलं असतं. आम्हाला कळायला पंधरा दिवस आणि एक भांडण लागलं. डावी खालच्या सुरांत तेच तेच पुन्हा विचारत राहायची आणि उजवी वरून तिला काहीतरी सांगायची, पण पूर्ण उत्तर कधीच द्यायची नाही. मी आयुष्यात खूप वेळा आनंदात होतो, लग्नात होतो, पीआर, म्हणजे कॅनडात कायम राहायची परवानगी, आली त्या दिवशीही होतो. पण त्या माळ्यावर चार मिनिटं जो आनंद झाला तसा पुन्हा झाला नाही, हे मी आज खात्रीने सांगतो.

त्यानंतर आम्ही ठरवूनच एकमेकांची बाजू शिकलो नाही. दहा वर्षं. अख्खा अल्बम, अकरा गाणी, मला फक्त डावी आणि त्याला फक्त उजवी. यात आम्हाला फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटायचं. बेनीची आई, जिला मी मावशी म्हणायचो, ओट्यावर भाजी निवडत आमचं वाजवणं ऐकायची आणि म्हणायची, "अरे, तुम्ही दोघं मिळून एकच माणूस आहात का?" मग दोघांनाही एकाच ताटात बोंबलाची चटणी आणि भाकरी द्यायची.

मी इथे आलो तो कॉलेजचा स्टुडंट म्हणून. स्कारबरोच्या एका बेसमेंटमध्ये तिघं जण राहायचो, वर श्रीलंकेचे एक तमिळ गृहस्थ आणि त्यांची बायको. सकाळी क्लास, दुपारी ग्रोसरीच्या वेअरहाऊसमध्ये पार्ट टाइम. पहिल्या हिवाळ्यात एक जुनी गिटार मिळाली आणि मी रविवारी दुपारी डावी वाजवायला लागलो. महिन्याभराने वरचे अंकल दारातला बर्फ शोव्हल करताना भेटले आणि म्हणाले, "सन, यू प्ले नाइस. बट व्हाय यू ऑलवेज स्टॉप अँड वेट?" मी थांबत नव्हतो. डाव्या गिटारीत तशा मोकळ्या जागाच होत्या, उजवीसाठी ठेवलेल्या. पण हे त्यांना कसं सांगणार? मी म्हटलं, सॉरी अंकल, आय अ‍ॅम स्टिल लर्निंग. ते म्हणाले, टेक युअर टाइम.

बेनीबरोबर व्हिडिओ कॉलवर वाजवून बघितलं. ज्यांनी हा उद्योग केलाय त्यांना माहीत असेल की तो जमत नाही. इथला आवाज तिथे पोचायला अर्धा-पाऊण सेकंद लागतो आणि तिथला इथे यायला तेवढाच. मी त्याच्यासाठी थांबायचो, तो माझ्यासाठी थांबायचा, आणि गाणं हळूहळू होत होत पार बंदच पडायचं. आम्ही हसायचो. बेनी म्हणायचा, "तू लवकर ये नाहीतर मला तरी बोलाव, हे फोनवरचं काम नाही." दोन वर्षांची चार झाली, चाराची सहा. कॉलेज संपलं, वर्क परमिट मिळालं, पीआरचे पॉइंट कमी पडले, परत अप्लाय केलं, परत कमी पडले. सिंथिया इथेच मराठी मिस्सेत भेटली, मूळची ठाण्याची. ती वृद्धाश्रमात काम करते. आमचं लग्न झालं तेव्हा घरचे फोनच्या पडद्यावर होते. तोवर तिकडे बावखलाचं पाणी मचूळ झालं होतं आणि केळी धरेनाशी झाली होती. मग बेनीच्या काकांनी वाडी विकायची ठरवली आणि त्याच्यापुढे सही करण्यावाचून इलाज राहिला नाही. त्याच वर्षी मावशी गेली.

मावशीच्या मातीला मी गेलो नाही. माझं परमिट संपलेलं, नव्याचा अर्ज पडून होता. त्या काळात कॅनडाबाहेर पाऊल टाकलं तर परत येताना काम करता येईलच असं नाही, असं सगळे सांगत होते. मी फोनवर बघितलं. बेनीच्या हातात मेणबत्ती होती आणि तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. माझ्यासाठी ज्या बाईने वीस वर्षं ताट वाढलं तिच्यावर मला मूठभर माती टाकता आली नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी वेळेवर कामावर होतो. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. इथे सगळ्यांच्याच खात्यात असं एखादं माणूस आहे, म्हणून कोणी कोणाला विचारत नाही.

पुढच्या वर्षी बातमी आली की तो बँड टोरांटोला येतोय. इंग्लंडबाहेर ते फारसे जातच नसत, आणि आता म्हातारे झाल्यावर शेवटचा दौरा करत होते. तोच अल्बम, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत. मी बेनीला फोन केला आणि त्याने तारीख दोनदा विचारून घेतली. मग म्हणाला, "खरंच बोलावशील?" मी म्हटलं, व्हिजिटर व्हिसा काढू, एक महिना राहा, बँड ऐकू आणि नंतर आपण दोघं वाजवू. अकराच्या अकरा. सात वर्षांत पहिल्यांदा मला सकाळी उठावंसं वाटायला लागलं.

अर्ज मी भरला. कॅनडात मी सात वर्षं होतो, मला सगळं कळतं असं मला वाटत होतं. इन्व्हिटेशन लेटर, बँकेचं स्टेटमेंट, माझ्या नोकरीचा कागद, सगळं जमवलं. आणि आपल्या माणसाची सवय जात नाही, म्हणून फादरांचं पत्र मागवलं. वसईत फादरांच्या पत्राशिवाय काय होतं? शाळेत प्रवेश, नोकरी, सोयरीक, सगळीकडे आधी फादरांचं पत्र. गल्फला किंवा जहाजावर जाणाऱ्या पोरांसाठी तर त्याचा ठरलेला मसुदाच होता. मुलगा निर्व्यसनी आहे, घरची जबाबदारी नाही, कुठेही कितीही दिवस राहायला मोकळा आहे. एजंटांना हेच हवं असायचं. तोच मसुदा मी डोक्यात धरला आणि फादरांना फोनवर मुद्दे सांगितले.

फादर जरा घुटमळले. म्हणाले, "आल्विन, एवढं सगळं लिहायचं का?" मी म्हटलं, "फादर, लिहा. इथल्या लोकांना खरं आवडतं. जितकं मोकळं लिहाल तितकं चांगलं."

पत्र इंग्रजीत होतं आणि ते थेट माझ्याकडे आलं. त्यातला मजकूर साधारण असा होता की बेनेडिक्ट अविवाहित आहे. त्याचे आईवडील हयात नाहीत. त्याची जमीन विकली गेली आहे. गावात त्याच्यावर अवलंबून असणारं कोणी नाही, त्याला बांधून ठेवणारं काही नाही. तो उत्तम गिटार वाजवतो आणि टोरांटोच्या मराठी क्वायरला त्याचा फार उपयोग होईल. मी ते वाचलं आणि मला फार आवडलं. मावशी गेली हेही मी एक जमेची बाजू म्हणून लिहून घेतलं होतं. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

तुमच्यापैकी इथे राहणाऱ्यांनी एव्हाना कपाळाला हात लावला असेल. पाहुणा म्हणून येणाऱ्याने काय दाखवायचं असतं? आपलं सगळं तिकडे आहे आणि आपण परत जाणार आहोत, हेच ना? आणि मी शिक्कामोर्तब करून सांगितलं होतं की या माणसाचं तिकडे काहीच नाही, वर इकडे त्याच्यासाठी काम तयार आहे. व्हिसा नाकारला गेला. कारण लिहिलं होतं ते असं, की मायदेशी परत जावं एवढे याचे तिथे लागेबांधे दिसत नाहीत. अधिकाऱ्याची काय चूक? त्याने माझंच वाक्य मला परत पाठवलं.

मी तावातावाने सगळे कागद बेनीला पाठवले. म्हटलं, बघ, यात काय वाईट आहे ते सांग. मला खरंच कळलेलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात एका ओळखीच्या कन्सल्टंटने वाचता वाचता चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं तेव्हा कळलं. बेनीचा फोन त्याआधीच, तिसऱ्या दिवशी आला होता. आवाज नेहमीचा होता.

"आल्विन, हे माझ्याबद्दल लिहिलंय?"

मी म्हटलं, "अरे, ती फॉर्मॅलिटी असते."

"नाही, बरोबरच आहे. सगळं खरं आहे. मला कोणी असं एकत्र सांगितलं नव्हतं, एवढंच."

मी परत अप्लाय करू म्हणालो. कन्सल्टंट नीट करून देईल, या वेळी तुझे तिथले सगळे संबंध दाखवू, असंही म्हणालो. तो म्हणाला, "आता काय लिहिशील? माझं इथे खूप काही आहे म्हणून? आणि तिकडे यायचं म्हणून मी ते खरं मानायचं?" मग त्याने सिंथियाची चौकशी केली, थंडी किती आहे विचारलं आणि फोन ठेवला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर फार बरं झालं असतं. बेनीला शिव्या येतात, उत्तम येतात, पण त्या दिवशी त्याने मला एकही दिली नाही.

बँड आला. मी सिंथियाला घेऊन गेलो, बेनीच्या जागी. बिचारी दहा तासांच्या शिफ्टवरून थेट आली होती आणि दोघांची जॅकेटं सांभाळत भिंतीला टेकून उभी होती. स्टेजवर चार म्हातारे होते, त्यातला एक बसूनच वाजवत होता. मी सतरा वर्षं या क्षणाची वाट बघितली होती आणि मला काहीही वाटलं नाही. हॉलमध्ये दोन्ही गिटारी एकत्रच येत होत्या, त्यातली डावी कुठली आणि उजवी कुठली हे मला सांगता येईना. लोक डोळे मिटून गात होते. पाचव्या गाण्याला मी बाहेर आलो, वॉशरूमच्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून बेनीला फोन लावला. तिकडे सकाळ होती. वाजत राहिला, उचलला नाही. दोन तासांनी मेसेज आला, "मिस्सेला होतो. कसा झाला?" मी लिहिलं, मस्त. त्याने अंगठा पाठवला.

तेव्हापासून आमचं तसंच चालू राहिलं. नाताळला हॅपी क्रिसमस, ईस्टरला हॅपी ईस्टर, वाढदिवसाला केकचं चित्र. मी एकदा अल्बममधल्या पहिल्या गाण्याची डावी रेकॉर्ड करून पाठवली आणि त्याला उजवी पाठवायला सांगितलं. त्याने ती ऐकल्याच्या निळ्या खुणा दिसल्या, पण उजवी आली नाही. दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा करायला तोंड उरलं नव्हतं.

पीआर आली त्याला दोन वर्षं होऊन गेली. आली तरी लगेच कोण जातंय, सुट्टी, सिंथियाची शिफ्ट, तिकिटं. शेवटी गेल्या डिसेंबरात मी एकटाच तीन आठवडे गेलो. एवढ्या वर्षांत पप्पा वाकलेत. आई माझ्याकडे बघून रडली आणि मग माझ्यासाठी पाण्याची बाटली आणायला निघाली, आमच्या विहिरीचं पाणी मला चालणार नाही म्हणून. मी म्हटलं, अगं मी इथलाच आहे. ती म्हणाली, "हो रे, पण आता सवय नसेल." बाटली आणलीच.

बेनी आता चार मजली इमारतीत राहतो. इमारत त्याच्याच वाडीवर उभी आहे. जमिनीच्या बदल्यात त्याला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्यात. दुपारी चारला गेलो. त्याने मिठी मारली, खुर्ची पुढे केली, पंखा माझ्याकडे वळवला. पोट सुटलंय, केस पिकलेत. तो क्वायर चालवतो आणि घरी गिटार शिकवतो. मी तास-दीड तास तिथे होतो. तेवढ्यात शेजारची बाई वाटीभर कालवण ठेवून गेली आणि काल वाटी परत दिली नाहीस म्हणून ओरडून गेली. दोन बायका नाताळच्या गाण्यांची वही मागायला आल्या. खालचे एक म्हातारे बीपीची गोळी कुठली घ्यायची ते विचारायला वर आले, आणि बेनीने ती कात्रीने कापून त्यांच्या हातावर ठेवली. एक माणूस नुसताच डोकावून "आहेस ना?" म्हणून निघून गेला. मी खुर्चीत बसून हे बघत होतो आणि मला त्या पत्रातली ओळन् ओळ आठवत होती. हा माणूस उद्या महिनाभर कुठे गेला तर अर्धं गाव अडलं असतं. आणि मी शपथेवर कळवलं होतं की याचं इथे काही नाही. मी स्कारबरोत मेलो तर सिंथिया सोडून कोणाला कळायला किती दिवस लागतील याचाही मी तिथे बसून विचार केला.

मी म्हटलं, "बेनी, त्या पत्राचं मला फार वाईट वाटतं रे."

"सोड. मीही सोडलं."

"एकदा वाजवूया? पहिलं गाणं. एवढंच."

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. एका विद्यार्थ्याची गिटार मला दिली, स्वतःची स्वतः घेतली. मी डावी सुरू केली. दोन ओळींनी त्याची उजवी आली, चार-पाच सूर, आणि थांबली. त्याने डोकं हलवलं, परत सुरुवात करू म्हणाला. परत तिथेच थांबली. तिसऱ्यांदा त्याने वेगळीच सुरावट घेतली, मिस्सेतल्या कुठल्याशा गाण्याची, आणि स्वतःच हसला. मी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होतो. तो राग धरून मुद्दाम करतोय असं दिसलं असतं तर मला आशा वाटली असती. तसं नव्हतं. तो खरंच विसरला होता.

"राहू दे रे," तो म्हणाला. "तू वाजव, मी ऐकतो."

मी एकट्याने डावी शेवटपर्यंत वाजवली. मधल्या मोकळ्या जागांत खालच्या रस्त्यावरच्या रिक्षा ऐकू येत होत्या. बेनीने पूर्ण ऐकलं, क्वायरच्या ऑडिशनला आलेल्या माणसाचं ऐकतात तसं, मान किंचित हलवत. मला उजवी येत नाही, कधीच आली नाही. जगात आता ते गाणं आमच्यासाठी तेवढंच उरलंय, माझ्याकडची अर्धी बाजू, आणि ती ऐकून कोणालाही गाण्याचा पत्ता लागणार नाही.

घर म्हणजे काय यावर आपली माणसं फार सुंदर बोलतात. दोन घरं असतात म्हणतात, एक जन्माचं, एक कर्माचं. मला एकही सापडत नाही. स्कारबरोत सिंथिया आणि मी आपापल्या शिफ्टप्रमाणे आपापली कॉफी करून घेतो आणि सिंक स्वच्छ ठेवतो. वसईला आई मला बाटलीतलं पाणी देते. परत आल्यापासून मी रोज हाच विचार करतो की मी चुकलो कुठे, निघालो तेव्हा, पत्र लिहिलं तेव्हा, की मावशीच्या मातीला गेलो नाही तेव्हा. तुमच्यापैकी कोणाला उत्तर माहीत असेल तरी मला सांगू नका.

गिटार खाली ठेवल्यावर बेनी म्हणाला, "छान वाजवतोस अजून." मग चहा टाकायला उठला. त्याच्या घरात मी किती कप चहा प्यायलोय याची गणती नाही. मावशी असताना आणि नसताना, आजारी असताना, परीक्षेच्या दिवसांत, भांडल्यावरही. कधी मागावा लागला नाही आणि कधी कोणी काही विचारलं नाही. तो गॅसपाशी उभा होता, माझ्याकडे पाठ करून. हातात साखरेचा डबा. मग तो वळला आणि आल्यागेल्याशी बोलतात तशा चांगल्या, नम्र आवाजात त्याने विचारलं, "साखर किती घेतोस?"